प्रत्यारोपणाच्या जोडीला नवे उपचार: कोणता कशासाठी आणि कोणत्या क्रमानं

केसांच्या प्रत्यारोपणानं डोक्यावर एकही नवा केस तयार होत नाही. मागच्या बाजूचे केस मुळासकट काढून पुढे लावतात, एवढंच त्यात घडतं. एकूण केस तेवढेच राहतात; काही मुळं या प्रवासात दगावतात, म्हणून खरं तर थोडे कमीच होतात. हे एकदा ध्यानात घेतलं की शस्त्रक्रियेच्या जोडीला पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेटचा दाट द्राव), पेशी-उपचार किंवा नुकतंच प्रयोगशाळेबाहेर पडलेलं एखादं औषध का सुचवलं जातं आणि त्यातलं काय उपयोगाचं, याचा विचार सोपा होतो.

जोडीला येणारा प्रत्येक उपचार चारपैकी एखादं काम करतो म्हणून सांगितलं जातं. लावलेली मुळं जगवणं हे पहिलं. डोक्यावर आधीपासून असलेले, अजून न गेलेले केस टिकवणं हे दुसरं. बारीक होत होत निजलेली मुळं जागी करणं हे तिसरं. आणि ज्या साठ्यातून केस काढायचे तो साठाच वाढवणं हे चौथं. या चार कामांमधलं अंतर फार मोठं आहे. पहिल्या दोन कामांसाठी वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, चौथ्यासाठी बहुतांशी उंदरांवरचे प्रयोग आहेत. जाहिरातीत मात्र सगळं ‘केस वाढवणारे उपचार’ या एकाच नावाखाली येतं आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. म्हणून कोणताही उपचार समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारावा असं मी म्हणेन: हा यातलं नेमकं कोणतं काम करणार आहे?

मागचे केस का टिकतात

पुरुषांमधल्या नेहमीच्या टकलामागे हार्मोन आणि आनुवंशिकता दोन्ही असतात. जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवलं, की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण काढले गेले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. पण त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात. पुढे कळलं, की खरा परिणाम टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या हार्मोनचा असतो. टाळूवरच्या आणि कपाळाजवळच्या मुळांना ते सोसत नाही. गळून पुन्हा उगवण्याच्या प्रत्येक फेरीत केस आधीपेक्षा बारीक, आखूड आणि फिकट उगवतो, आणि शेवटी नुसती लव उरते.

डोक्याच्या मागच्या आणि बाजूच्या पट्ट्यातल्या मुळांवर डीएचटीचा असा परिणाम सहसा होत नाही. न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ऑरेनट्राइश यांनी १९५० च्या दशकात ही मुळं टकलावर लावून पाहिली आणि १९५९ साली निष्कर्ष छापला: केसाच्या मुळाची जागा बदलली तरी त्याचा स्वभाव बदलत नाही. मागचा केस पुढे लावला तरी तो मागच्यासारखाच वागतो. आजची सगळी शस्त्रक्रिया या एका निरीक्षणावर उभी आहे. जपानमध्ये शोजी ओकुडा यांनी १९३९ सालीच केस असलेल्या त्वचेचे बारीक तुकडे लावून दाखवले होते, पण युद्धाच्या धामधुमीत ते काम बाहेरच्या जगापर्यंत पोहोचलंच नाही.

त्या काळी ४ मिलिमीटरच्या जाड चकत्या लावत, त्यामुळे केस झुबक्याझुबक्यानं आलेले दिसायचे. आता एक ते चार केसांचा जो नैसर्गिक पुंजका त्वचेत असतो, तोच एक ग्राफ्ट म्हणून लावतात. एफयूटी पद्धतीत मागून त्वचेची पट्टी काढून तिचे पुंजके सुटे करतात. एफयूई पद्धतीत साधारण १ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक पोकळ पंचनं एकेक पुंजका काढतात. दोन्हींत व्रण राहतो. एकात लांब रेघ, दुसऱ्यात विखुरलेले ठिपके.

आता हिशोब करू. समजा, एखाद्याचं टक्कल २०० चौरस सेंटीमीटरचं आहे. दर चौरस सेंटीमीटरला ४० ग्राफ्ट लावले तर ८,००० ग्राफ्ट लागतील. मूळ दाट डोक्यावर याहून कितीतरी जास्त पुंजके असतात, म्हणजे ही घनता जेमतेम निम्मी झाली. तरीही मागून एवढे ग्राफ्ट निघतीलच याची खात्री नसते, कारण मागचा भाग विरळ दिसायला लागेल इतके काढता येत नाहीत. आणि एकदा काढलेला ग्राफ्ट त्या जागी पुन्हा उगवत नाही. शस्त्रक्रियेच्या अखेरच्या मर्यादेला सर्जनचं कौशल्य नव्हे, तर ही शिल्लक कारणीभूत असते.

दुसरी अडचण काळाची आहे. लावलेले केस टिकतात, पण त्यांच्या मधले आणि त्यांच्यामागे टाळूवर असलेले मूळचे केस गळत राहतात. पंचविशीत कपाळाची रेषा भरून घेतली आणि पुढे काहीच उपचार केले नाहीत, तर पस्तिशीत पुढे केसांची पट्टी आणि तिच्यामागे मोकळी टाळू असं चित्र होऊ शकतं. मग ते भरायला पुन्हा शिल्लक मोडायची. जोडीच्या उपचारांचं खरं महत्त्व मला इथे वाटतं.

आहेत ते केस टिकवणं

हे काम नव्या औषधांचं नाहीच, जुन्यांचं आहे. फिनास्टराइड डीएचटी तयार होण्याचं प्रमाण कमी करतं. १ मिलिग्रॅमच्या गोळीला टकलासाठी अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली. मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढतात हे दिसल्यावर ते डोक्याला लावायच्या द्रावणात आलं आणि १९८८ साली त्याला मान्यता मिळाली. मिनॉक्सिडिल डीएचटीला हात लावत नाही. केसाच्या वाढीचा काळ लांबवतं आणि बारीक केस थोडा जाड करतं. दोघांच्या वाटा वेगळ्या, म्हणून ती एकत्र दिली जातात.

प्रत्यारोपणाबरोबर फिनास्टराइड देण्याची एक नीट आखलेली चाचणी २००५ साली प्रसिद्ध झाली. ७९ पुरुषांपैकी काहींना शस्त्रक्रियेच्या ४ आठवडे आधीपासून पुढे ४८ आठवडे फिनास्टराइड दिलं, बाकीच्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. फिनास्टराइड घेणाऱ्यांमध्ये लावलेल्या ग्राफ्टच्या आसपासचे मूळचे केस वाढले, दुसऱ्या गटात ते कमी झाले. कुठल्याही नव्या इंजेक्शनची जाहिरात वाचताना ही चाचणी डोळ्यांसमोर ठेवावी. दोन गट, एक निष्क्रिय गोळी, वर्षभराची मोजणी: पुरावा असा दिसतो.

फिनास्टराइडचे दुष्परिणाम आहेत आणि ते झाकून ठेवू नयेत. थोड्या पुरुषांमध्ये लैंगिक इच्छा किंवा ताठरता कमी होते. काहींना मनःस्थितीत बदल जाणवतो. प्रोस्टेटच्या तपासणीतला पीएसएचा आकडा त्यामुळे जवळपास निम्म्यावर येतो, म्हणून ती तपासणी करताना डॉक्टरांना सांगावं लागतं. गरोदर स्त्रीनं या गोळ्यांचा चुरा हाताळू नये, कारण पोटातल्या मुलग्याच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. ज्याला हे औषध घ्यायचंच नाही, त्यानं शस्त्रक्रियेआधी तसं स्पष्ट सांगावं. त्याची आखणी वेगळी होते: कपाळाची रेषा वर ठेवायची, घनता बेताची, आणि पुढच्या गळतीसाठी ग्राफ्ट राखून ठेवायचे.

मिनॉक्सिडिलचं आणखी एक काम आहे. शस्त्रक्रियेच्या धक्क्यानं आजूबाजूचे मूळचे केसही काही आठवड्यांत गळतात, याला शॉक लॉस म्हणतात. आधीच अशक्त झालेला केस अशा वेळी गेला तर कधी परत येत नाही. त्यामुळे अनेक सर्जन मिनॉक्सिडिल आधीपासून सुरू ठेवतात, शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी थांबवतात आणि जखमा भरल्यावर पुन्हा चालू करतात. ताज्या जखमेवर मात्र ते लावायचं नाही, कारण त्यातलं अल्कोहोल आणि प्रॉपिलिन ग्लायकॉल त्वचेला झोंबतं.

लावलेली मुळं जगवणं

त्वचेतून काढलेला ग्राफ्ट रक्तपुरवठ्याविना असतो. थंड सलाइनमध्ये ठेवलेल्या ग्राफ्टवरच्या जुन्या अभ्यासात २ तासांनी लावलेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के जगले, २४ तासांनी लावलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के आणि ४८ तासांनी जवळपास निम्मेच. मुळं कोरडी पडणं, चिमट्यात चिरडणं आणि दाटीवाटीनं लावणं यांनीही ती मरतात.

या आकड्यांत एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. काळजीपूर्वक, वेळेत केलेल्या शस्त्रक्रियेत मुळं जगण्याचं प्रमाण मुळातच ९० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे सुधारणेला जागा उरते ती शेवटच्या थोड्या टक्क्यांपुरती. ‘आमच्या इंजेक्शननं ग्राफ्ट दुप्पट जगतात’ असं कुणी म्हणत असेल, तर एक तर दावा खोटा आहे किंवा तिथली नेहमीची शस्त्रक्रियाच फार वाईट आहे.

पीआरपीकडे या नजरेनं पाहावं. रुग्णाचंच रक्त घेऊन, गरगर फिरवून प्लेटलेट दाट असलेला द्राव वेगळा करतात. प्लेटलेटमधून वाढीला चालना देणारी प्रथिनं सुटतात, ती मुळांना मदत करतील ही कल्पना. ब्राझीलचे सर्जन कार्लोस उएबेल यांनी २००६ साली एका छोट्या अभ्यासात एका बाजूचे ग्राफ्ट अशा द्रावात भिजवून लावले, दुसऱ्या बाजूचे नुसतेच. भिजवलेल्या बाजूला सुमारे १५ टक्के जास्त घनता मिळाली. हा आकडा उत्साह वाढवणारा आहे, पण अभ्यास लहान होता. शिवाय पीआरपी ही एक ठरलेली वस्तू नाही. किती रक्त घेतलं, कसं फिरवलं, प्लेटलेट किती पट दाट झाल्या हे जागोजागी बदलतं, त्यामुळे एका ठिकाणचा निकाल दुसरीकडे तसाच लागेल असं म्हणता येत नाही. द्राव स्वतःच्याच रक्ताचा असल्यानं धोका कमी, हे मात्र खरं.

एक्झोसोमची गोष्ट वेगळी. पेशींमधून बाहेर पडणारे हे अतिसूक्ष्म थेंब बहुतेक वेळा परक्या पेशींपासून, उदाहरणार्थ नाळेच्या किंवा वारेच्या ऊतींपासून बनवलेले असतात. २०१९ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं जाहीर इशारा दिला, की एक्झोसोमच्या कोणत्याही उत्पादनाला मान्यता दिलेली नाही आणि काही रुग्णांना गंभीर त्रास झाला आहे. ताज्या, उघड्या हजारो छिद्रांच्या डोक्यावर असं काही टोचून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

लेझरच्या टोप्या आणि कंगव्यांबद्दल थोडक्यात: काही चाचण्यांत केसांची संख्या माफक वाढलेली दिसली आहे, धोका फारसा नाही, आणि ग्राफ्ट जगवण्यातला त्यांचा वाटा मोठा असावा असं मानायला कारण नाही.

निजलेली मुळं जागी करणं

टक्कल पडलेल्या भागात मुळं मरून गेलेली असतात असा समज आहे. २०११ साली जॉर्ज कोत्सारेलिस आणि लुई गार्झा यांच्या गटानं प्रत्यारोपणाच्या वेळी मिळालेली त्वचा तपासली. एकाच माणसाच्या केसाळ आणि टकल्या भागात मूळपेशींची (ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होतात त्या स्टेम सेलची) संख्या जवळपास सारखी निघाली. कमी झाल्या होत्या त्या मूळपेशींपासून पुढे तयार होऊन केस घडवणाऱ्या पेशी. कारागीर आहेत, पण काम सुरू करण्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोचत नाही, असं काहीसं. नव्या औषधांपैकी बरीचशी हा निरोप पोचवू पाहतात.

त्यातलं पीपी४०५ हे मूळपेशींच्या ऊर्जेच्या वापरावर बेतलेलं आहे. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की केसाच्या मूळपेशी जाग्या होताना लॅक्टेट जास्त बनवतात आणि उंदरात लॅक्टेट वाढवलं की केसांची नवी फेरी लवकर सुरू होते. डोक्याला लावायचं हे औषध माणसांवरच्या सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत आलं आहे. क्लॅस्कोटेरॉन दुसऱ्या वाटेचं: ते त्वचेवरच डीएचटीची वाट अडवतं, म्हणजे शरीरभर परिणाम न होता काम साधावं ही अपेक्षा. मुरुमांसाठी त्याच्या क्रीमला २०२० साली अमेरिकेत मान्यता मिळाली. टकलासाठीचं जास्त तीव्रतेचं द्रावण तिसऱ्या टप्प्याच्या, म्हणजे मान्यतेआधीच्या मोठ्या चाचण्यांपर्यंत पोचलं.

आशा वाटते ती ठीकच, पण जवळच्या काळातल्या दोन निराशाही लक्षात ठेवाव्यात. २०१२ साली टकल्या त्वचेत प्रोस्टाग्लँडिन डी२ नावाचं रसायन जास्त सापडलं आणि त्यावरून सेटिपिप्रँट नावाची गोळी पुढे आली. चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात ती निष्क्रिय गोळीपेक्षा सरस ठरली नाही. डीएचटीची वाट त्वचेवर अडवणारं पायरिल्युटामाइड सुरुवातीला आश्वासक दिसलं, पण चीनमधल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २०२३ साली ठरवलेलं उद्दिष्ट त्याला गाठता आलं नाही. दोन्हींमागचं शास्त्र चांगलं होतं. उंदराच्या पाठीवरून माणसाच्या टाळूपर्यंतचा रस्ता लांब आहे, इतकंच.

म्हणूनच एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. ‘आता पुढे दाट लावून घेऊ, मागच्या टकलाचं काय ते नवं औषध आल्यावर बघू’ असा बेत करू नये. न आलेल्या औषधावर विसंबून शिल्लक खर्च केली आणि औषध फसलं, तर मागे जायला वाट नसते. शस्त्रक्रियेची आखणी अशी हवी, की एकही नवं औषध बाजारात आलं नाही तरी माणूस साठीत बरा दिसेल. नवं काही आलं तर तो फायदा.

सुयांचा रोलर, म्हणजे मायक्रोनीडलिंग, हा याच गटातला स्वस्त उपाय. २०१३ साली भारतात झालेल्या १०० पुरुषांच्या चाचणीत, १२ आठवड्यांनी नुसतं मिनॉक्सिडिल लावणाऱ्यांपेक्षा रोलर आणि मिनॉक्सिडिल दोन्ही वापरणाऱ्यांच्या केसांची संख्या कितीतरी जास्त वाढली. प्रत्यारोपणानंतर मात्र घाई नको. ग्राफ्ट आठ-दहा दिवसांत त्वचेत घट्ट बसतात, तरी आतली जखम भरायला वेळ लागतो. लावलेल्या भागावर सुया फिरवायच्या त्या काही महिन्यांनी, सर्जननं तपासून हो म्हटल्यावरच.

साठाच वाढवता आला तर

हा भाग सगळ्यात ओढ लावणारा आहे. मागून काढलेल्या थोड्या मुळांपासून प्रयोगशाळेत हजारो करता आली, तर शिल्लक संपण्याचा प्रश्नच मिटेल. कल्पना जुनी आहे. केसाच्या तळाशी डर्मल पॅपिला नावाचा पेशींचा गोळा असतो आणि केस उगवण्याची आज्ञा तिथून निघते. कॉलिन जहोदा आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवलं, की उंदराच्या जातीतल्या प्राण्याच्या या पेशी बाहेर वाढवून परत लावल्या तर केस उगवतो. १९९९ साली त्यांनी आणि अमँडा रेनॉल्ड्स यांनी आणखी धाडस केलं. जहोदांच्या डोक्यातल्या मुळांच्या तळाच्या आवरणातल्या पेशी रेनॉल्ड्स यांच्या दंडाखालच्या हातावर लावल्या, आणि तिथे केस उगवले. एका पुरुषाच्या पेशी एका स्त्रीच्या शरीरानं नाकारल्या नाहीत, ही त्यातली चकित करणारी बाब.

मग अडलं कुठे? माणसाच्या या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या, की संख्या वाढते पण केस उगवण्याची आज्ञा देण्याची ताकद त्या हरवतात. २०१३ साली जहोदा, क्लेअर हिगिन्स आणि अँजेला ख्रिस्तियानो यांनी या पेशी सपाट न पसरवता लोंबत्या थेंबात गोळ्यासारख्या वाढवल्या, तेव्हा ती ताकद काही अंशी परतली. दरम्यान या कामात उतरलेल्या इंग्लंडमधल्या इंटरसायटेक्स आणि जपानी मालकीच्या अॅडेरान्स रिसर्च या कंपन्यांनी ते सोडून दिलं. जपानमध्ये शिसेइडोच्या सहभागानं झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांच्याच मुळांच्या तळाच्या पेशी वाढवून टोचल्या. सगळ्यात कमी मात्रेत काही महिने माफक सुधारणा दिसली. माफक, आणि तीही आहे त्या केसांत. नव्यानं मुळं बनवून टक्कल भरणं अजून कुणाला जमलेलं नाही. ‘केसांचं क्लोनिंग करून देतो’ असं कुणी म्हटलं तर ते आज उपलब्ध नाही हे पक्कं समजावं.

अलीकडे वेगळ्या दिशेनं आशा दिसते आहे. २०२१ साली स्टॅनफर्डमधल्या मायकल लाँगेकर यांच्या गटानं उंदरांच्या जखमांवर काम केलं. त्वचा ताणली गेली की काही पेशींना इशारा मिळतो, त्या व्रण तयार करणाऱ्या बनतात, आणि व्रणाच्या जागी केस येत नाही. हा इशारा थांबवण्यासाठी त्यांनी व्हर्टेपॉर्फिन वापरलं. डोळ्याच्या पडद्याच्या एका आजारासाठी हे औषध आधीपासून मान्य आहे. उंदरांची जखम व्रणाशिवाय भरली, आणि त्या जागी केसांची मुळं आणि ग्रंथीही परत आल्या.

प्रत्यारोपणाशी याचा संबंध सरळ आहे. एफयूईत मागे हजारो छोट्या जखमा होतातच. ग्राफ्ट काढल्याबरोबर तिथे हे औषध टोचलं आणि व्रणाऐवजी पुन्हा मूळ तयार झालं, तर काढलेलं परत मिळेल. शिल्लक खर्च होऊनही संपणार नाही. कल्पना इतकी सुंदर आहे, की ती करून पाहण्याचा मोह डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही होतो.

पण मोजणीत फसगत कशी होऊ शकते ते पाहा. पंच फिरवताना काही मुळं पूर्ण निघत नाहीत, मधेच कापली जातात. केसाच्या मुळाचा वरचा किंवा खालचा उरलेला भाग काही वेळा आपणहून पुन्हा केस उगवतो. म्हणजे औषध न टोचताही काढलेल्या जागी थोडे केस येतातच. त्यामुळे औषध टोचलेल्या भागाशेजारी, त्याच डोक्यावर, त्याच पंचनं ग्राफ्ट काढलेला पण औषधाशिवायचा भाग असला पाहिजे, आणि मोजणाऱ्याला कोणता भाग कोणता हे ठाऊक नसलं पाहिजे. ठिपके पुसट झाले म्हणजे मुळं परत आली असंही नाही. उंदराची सैल कातडी आकसून भरते, माणसाच्या टाळूची घट्ट कातडी तशी भरत नाही. आणि मागचा पट्टा म्हणजे माणसाची मुख्य शिल्लक. प्रयोग तिथेच करायचा असेल तर तो एका छोट्या चौकोनापुरता असावा, सगळ्या पट्ट्यावर नव्हे.

सगळं एकदम केलं की काय होतं

एखाद्यानं प्रत्यारोपण केलं, त्याच दिवशी पीआरपी घेतलं, पुढच्या महिन्यात फिनास्टराइड आणि गोळीतलं मिनॉक्सिडिल सुरू केलं, शिवाय एक प्रायोगिक द्रावण. वर्षानं केस छान दिसतात. श्रेय कुणाला? सांगता येत नाही. लावलेले केस दोन ते सहा आठवड्यांत गळतात, तीन-चार महिन्यांनी पुन्हा यायला लागतात आणि पूर्ण परिणाम वर्ष-दीड वर्षानं दिसतो. या काळात घेतलेलं काहीही कामाचं वाटतं, कारण केस तसेही वाढणारच असतात. मग तो माणूस उपयोग नसलेलं महागडं काहीतरी वर्षानुवर्षं घेत राहतो, आणि त्रास झालाच तर कशामुळे झाला हेही कळत नाही.

म्हणून क्रम महत्त्वाचा. घाई नसेल, विशेषतः वय कमी असेल, तर आधी सिद्ध औषधं वर्षभर घेऊन गळती थांबते का पाहावं. काहींना तेवढ्यानंच इतकं समाधान मिळतं, की शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते किंवा कमी ग्राफ्टमध्ये भागतं. औषध थांबवता येतं, शस्त्रक्रिया परत घेता येत नाही. जे परत घेता येत नाही ते नंतर करावं. त्यानंतर प्रत्यारोपण. प्रायोगिक काही करायचंच असेल तर परिणाम स्थिरावल्यावर, एका वेळी एकच. प्रत्येक टप्प्यावर त्याच उजेडात, त्याच कोनातून, तेवढ्याच लांबीच्या कोरड्या केसांचे फोटो काढावेत, आणि जमल्यास १ चौरस सेंटीमीटरच्या खूण केलेल्या जागेतले केस भिंगातून मोजून घ्यावेत.

हे सगळं नेहमीच्या आनुवंशिक टकलाबद्दल झालं. चाई पडल्यावर, म्हणजे अॅलोपेशिया एरिआटामध्ये, शरीराची प्रतिकारशक्तीच मुळांवर उलटते. ती लावलेल्या केसांवरही उलटू शकते. त्यासाठी बॅरिसिटिनिबसारखी वेगळी औषधं आहेत; बॅरिसिटिनिबला या आजारासाठी २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. व्रण पाडणाऱ्या टकलात आजार शांत होऊन बराच काळ लोटल्याशिवाय ग्राफ्ट लावले तर वाया जातात. अनेक स्त्रियांमध्ये, आणि काही पुरुषांमध्ये, मागचा पट्टाही विरळ होत असतो. मग तिथून काढलेला केस पुढे टिकेल याचा भरवसा उरत नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेआधी त्वचारोगतज्ज्ञाकडून भिंगानं तपासणी, आणि शंका असेल तर त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणी, ही टाळू नये.

ज्याला प्रायोगिक औषध खरोखर हवं आहे त्यानं नोंदणीकृत चाचणीत सामील व्हावं. तिथे नैतिकता समितीची परवानगी असते, धोके लेखी समजावून सही घेतली जाते, दुष्परिणाम झाला तर त्याची जबाबदारी ठरलेली असते, आणि औषधाचे पैसे सहसा घेत नाहीत. ‘चाचणी’ म्हणून कुणी मोठी रक्कम मागत असेल तर नोंदणी क्रमांक मागून तो स्वतः तपासावा. आणि इथे क्रमाचा प्रश्न पुन्हा येतो. टकलाच्या औषधांच्या बऱ्याच चाचण्यांत आधी प्रत्यारोपण झालेल्यांना घेत नाहीत, कारण लावलेले केस मोजणीत मिसळतात. अलीकडे फिनास्टराइड घेतलेल्यांनाही काही महिने थांबावं लागतं. चाचणीत जायचा विचार असेल तर तिच्या अटी शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी वाचाव्यात.